साक्षीदार आलाच नाही तर? गैरहजर साक्षीदार आणि न्याय्य फौजदारी खटला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फौजदारी खटल्यांबद्दल येणाऱ्या प्रश्नांत हा विषय फिरून फिरून येतो, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे एकाचा धागा दुसऱ्यात गुंतलाय तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय. एखाद्या चालू खटल्याबद्दल विचारायचं असेल तर मात्र वकिलालाच गाठा.

१. गैरहजर साक्षीदार म्हणजे कोण? समन्स चुकवणारा?

तोही, पण तो एकटाच नाही. ज्याचं म्हणणं कोर्टापुढे पुरावा म्हणून येतं, पण जो स्वतः पिंजऱ्यात उभा राहत नाही, तो गैरहजर साक्षीदार. तो वारलेला असेल, अंथरुणाला खिळलेला असेल, परदेशी निघून गेला असेल किंवा भीतीनं दडून बसला असेल. कधी तो कोर्टाच्या व्हरांड्यातच असतो आणि नातं सांगून साक्ष द्यायला नकार देतो. पत्नीनं नवऱ्याविरुद्ध बोलायला नकार देणं हे त्याचं नेहमीचं उदाहरण.

जो आला नाही आणि ज्याचं म्हणणंही कोणी वापरलं नाही, त्याच्याबद्दल आरोपीची तक्रार नसते. माणूस मागे राहतो आणि त्याचा जबाब तेवढा कोर्टात येतो, तिथे वाद सुरू होतो.

२. जबाब लेखी आहे, खाली सही आहे. मग माणूस समोर हवाच कशाला?

समजा जबाबात दोनच वाक्यं आहेत: "मी त्याला खांबाखाली पाहिलं. त्याच्या हातात सुरा होता."

आता बचावाचा वकील उठतो. खांबावरचा दिवा चालू होता का? तुम्ही किती पावलांवर होता? चेहरा दिसला की पाठ? सुरा दिसला की नुसतं काहीतरी चमकलं? "सुरा" हा शब्द तुमचा, की जबाब लिहून घेणाऱ्याचा? आदल्या महिन्यात तुमची आणि याची बाचाबाची झाली होती ना? चष्मा तेव्हा डोळ्यांवर होता की खिशात?

कागदाला यातलं काहीही विचारा, तो तीच दोन वाक्यं पुन्हा सांगणार. जिवंत साक्षीदार मात्र एखाद्या प्रश्नाला अडखळतो, एखाद्याला ठाम उत्तर देतो, आणि न्यायाधीश ते डोळ्यांनी पाहत असतो. उलटतपासणीत नेहमी खोटंच पकडलं जातं असं नाही. खरं बोलणारा साक्षीदार तिच्यातून जास्त भक्कम होऊन बाहेर पडतो, हे लोक विसरतात. शिवाय जबाब बहुतेक वेळा सांगणाऱ्याच्या शब्दांत नसतो, लिहिणाऱ्याच्या शब्दांत असतो.

३. साक्षीदाराला समोर आणून प्रश्न विचारण्याचा हक्क कुठे लिहिलेला आहे?

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सहाव्या दुरुस्तीत (१७९१), युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम ६(३)(ड) मध्ये, नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याच्या कलम १४(३)(ई) मध्ये आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीच्या कलम ६७ मध्ये. भारताच्या राज्यघटनेत असं वेगळं कलम नाही. इथे हा हक्क कलम २१ मधून (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आणि प्रक्रिया कायद्यातून येतो. पुरावा आरोपीच्या समोर नोंदवायचा, हा नियम आता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३०८ मध्ये आहे.

अर्थात मागणी या कागदांहून जुनी आहे. १६०३ साली इंग्लंडमध्ये सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, विंचेस्टरला. मुख्य पुरावा होता लॉर्ड कोबॅमचा कबुलीजबाब. कोबॅम त्या वेळी कैदेतच होता, म्हणजे तो सापडत नव्हता अशी सबबही नव्हती. त्याला माझ्यासमोर आणा, असं रॅले परोपरीनं सांगत राहिला. कोबॅमला आणलं नाही, जबाब वाचला गेला आणि रॅले दोषी ठरला. १६१८ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला तो याच शिक्षेच्या आधारे. चारशे वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आपला नियम बदलला तेव्हा दाखला याच खटल्याचा दिला (प्रश्न १०).

४. मुख्य साक्षीदार आला नाही तर आरोपी आपोआप सुटतो का?

नाही. उरलेला पुरावा पुरेसा असेल तर खटला पुढे जातो. साक्षीदाराचा जुना जबाब वापरता येतो का, हा त्यापुढचा स्वतंत्र प्रश्न. स्थूलमानानं तीन गोष्टी पाहिल्या जातात: तो का आला नाही (प्रश्न ५), खटला त्याच्या शब्दावर किती उभा आहे (प्रश्न ६), आणि उलटतपासणी हुकल्यानं झालेलं नुकसान कोर्टानं कशानं भरून काढलं (प्रश्न ८).

५. न येण्याची कोणती कारणं चालतात?

इंग्लंड-वेल्सच्या २००३ च्या फौजदारी न्याय कायद्यात, कलम ११६ मध्ये, पाच कारणं दिली आहेत: साक्षीदार मरण पावला आहे, शरीरानं किंवा मनानं साक्ष देण्याच्या स्थितीत नाही, देशाबाहेर आहे आणि त्याला आणणं व्यवहार्य नाही, शोधूनही सापडत नाही, किंवा त्याला भीती वाटते. भीतीच्या बाबतीत जबाब वाचायला न्यायाधीशाची परवानगी लागते. बाकीच्या देशांची यादी थोडीफार अशीच.

खरी कसोटी कारणाची नसते, प्रयत्नांची असते. "पत्त्यावर सापडला नाही" एवढा शेरा मारून समन्स परत आलं, तर तो शोध नव्हे. शेजाऱ्यांना विचारलं का, नातेवाईकांना फोन केला का, परदेशात असेल तर तिथल्या यंत्रणेकडे विनंती पाठवली का, हे सरकार पक्षाला दाखवावं लागतं. साक्षीदाराला यायची इच्छा नाही किंवा वेळ नाही, हे तर कारणच नव्हे.

६. "एकमेव किंवा निर्णायक पुरावा" हा नियम काय आहे?

आरोपीला ज्याची उलटतपासणी कधीच घेता आली नाही, अशा माणसाच्या शब्दावर शिक्षा पूर्णपणे किंवा निर्णायक प्रमाणात टेकलेली असेल, तर खटला न्याय्य नाही, हा स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा नियम. १९८६ च्या उन्टरपेर्टिंगर विरुद्ध ऑस्ट्रिया निकालात त्याचं बीज दिसतं. नवऱ्यावर पत्नीला आणि सावत्र मुलीला मारहाण केल्याचा आरोप होता. दोघींनी नात्याचा हक्क वापरून कोर्टात बोलायला नकार दिला, पोलिसांपुढचे जबाब वाचले गेले आणि शिक्षा झाली. हे न्याय्य नाही, असं न्यायालयानं ठरवलं. २००१ च्या लुका विरुद्ध इटली निकालात नियम जवळजवळ ठोकळेबाज झाला.

तो सैल झाला १५ डिसेंबर २०११ ला, अल-ख्वाजा आणि ताहेरी विरुद्ध युनायटेड किंगडम या निकालात. सतरा न्यायाधीशांच्या बृहद्पीठापुढे दोन प्रकरणं एकत्र आली होती आणि त्यांचा निकाल उलटसुलट लागला, म्हणून ती शेजारीशेजारी ठेवून पाहावीत.

पहिल्यात अल-ख्वाजा या डॉक्टरवर दोन महिला रुग्णांच्या विनयभंगाचा आरोप होता. एका महिलेनं खटल्याआधी आत्महत्या केली आणि तिचा जबाब ज्युरीला वाचून दाखवला गेला. तिच्या आरोपाला तोच मुख्य आधार होता. पण घटनेनंतर लवकरच तिनं दोन मैत्रिणींना सगळं सांगितलं होतं, त्या दोघी कोर्टात आल्या. दुसऱ्या रुग्ण महिलेची हकीकत तिच्या हकीकतीशी जुळत होती, आणि तिची उलटतपासणी झाली होती. इथे न्यायालयाला करारभंग दिसला नाही.

दुसऱ्यात, म्हणजे ताहेरीच्या प्रकरणात, रस्त्यावरच्या मारामारीत एकाच्या पाठीत सुरा खुपसला गेला होता. सुरा कोणी मारला हे जखमीनंही पाहिलं नव्हतं. पाहिल्याचं सांगणारा एकच माणूस, तोही दोन दिवसांनी, आणि खटल्यात तो भीतीमुळे आला नाही. त्याचा शब्द पडताळून पाहायला दुसरं काही नव्हतं. आरोपी स्वतः साक्ष देऊन नाकारू शकत होता, ज्युरीला सावधगिरीची सूचनाही दिली होती. तेवढ्यानं भागलं नाही आणि करारभंग ठरला.

थोडक्यात, निर्णायक जबाब आता आपोआप बाद होत नाही, पण पारडं तोलताना त्याचं वजन फार मोठं धरलं जातं.

७. लंडन आणि स्ट्रासबर्गच्या न्यायालयांचं यावरून भांडण झालं होतं ना?

झालं होतं, आणि मोठ्या सभ्यपणे झालं. जानेवारी २००९ मध्ये स्ट्रासबर्गच्या लहान पीठानं वरच्या दोन्ही प्रकरणांत ब्रिटनच्या विरोधात निकाल दिला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला ब्रिटनच्या नव्या सर्वोच्च न्यायालयानं हॉर्नकॅसल खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठातर्फे सांगितलं की आम्ही हा नियम मानत नाही. त्यांचं म्हणणं असं: आमच्या कायद्यातच पुरेशी राखण आहे. मूळ नियम युरोपातल्या निराळ्या पद्धतीच्या खटल्यांतून आलाय, आणि "निर्णायक" कशाला म्हणायचं हे खालच्या न्यायाधीशानं आधीच ठरवायचं कसं? ब्रिटनचा १९९८ चा मानवी हक्क कायदा स्ट्रासबर्गचे निकाल "विचारात घ्या" म्हणतो, जसेच्या तसे पाळा म्हणत नाही, याचाही त्यांनी आधार घेतला.

दोन वर्षांनी बृहद्पीठ अर्धी वाट चालून आलं. २०१४ मध्ये हॉर्नकॅसल प्रकरण स्वतः स्ट्रासबर्गला पोचलं, तेव्हा ब्रिटनचीच बाजू राहिली. माझ्या मते ब्रिटिश न्यायाधीशांचा "निर्णायक"बद्दलचा आक्षेप रास्त होता, पण ताहेरीसारख्या प्रकरणात त्यांची राखण अपुरी पडते हेही तितकंच खरं.

८. उलटतपासणी हुकल्याची भरपाई कशानं होते?

पडताळा घेता येईल अशा पुराव्यानं: वैद्यकीय अहवाल, फोनच्या नोंदी, साक्षीदारानं त्या वेळीच कोणाला काय सांगितलं ते. जबाबाचं चित्रीकरण असेल तर निदान चेहरा आणि आवाज तरी कळतो. साक्षीदाराच्या विश्वासार्हतेविरुद्धचा पुरावा, म्हणजे त्याच्या जुन्या शिक्षा किंवा आधीचे विसंगत जबाब, बचावाला मांडू देणं हीसुद्धा भरपाईच. लेखी प्रश्न पाठवणं, न्यायाधीशानं निकालपत्रात जबाबाकडे सावधपणे पाहिल्याचं कारणांसकट लिहिणं. इंग्लंडमध्ये याहून एक पाऊल पुढे आहे: वाचलेला जबाब अगदीच पोकळ वाटला, तर २००३ च्या फौजदारी न्याय कायद्याच्या कलम १२५ खाली न्यायाधीशानं खटला तिथेच थांबवायचा असतो.

पण सगळ्यात मोठी भरपाई म्हणजे आधीच घेऊन ठेवलेली उलटतपासणी. शाचाश्विली विरुद्ध जर्मनी हे २०१५ चं प्रकरण त्यासाठी वाचावं. फेब्रुवारी २००७ मध्ये ग्यॉटिंगेन शहरात लॅटव्हियाच्या दोन महिलांच्या घरात शिरून लूटमार झाली. एकीनं बाल्कनीतून उडी मारली. दोघींनी पोलिसांना जबाब दिले. त्या लवकरच मायदेशी परतणार हे पोलिसांना माहीत होतं, म्हणून तपास न्यायाधीशापुढे त्यांचे जबाब घाईनं नोंदवून घेतले. नेमकं तिथेच घोडं पेंड खाल्लं. संशयितांना कळलं तर त्या महिला बोलणार नाहीत, या भीतीनं संशयितांना कळवलं नाही आणि त्यांच्यासाठी वकीलही नेमला नाही.

महिला गेल्या त्या गेल्या. मानसिक धक्क्याची वैद्यकीय प्रमाणपत्रं आली. लॅटव्हियातल्या कोर्टातून व्हिडिओवर साक्ष घ्यायचं ठरलं, तेही रद्द झालं. जर्मन कोर्टानं बराच आटापिटा केला, हे बृहद्पीठानंही मान्य केलं. गैरहजेरीचं कारण योग्य होतं आणि जोडीला फोनवरच्या संभाषणाची नोंद आणि जीपीएसची माहितीही होती. तरीही नऊ विरुद्ध आठ मतांनी निकाल जर्मनीच्या विरोधात गेला, कारण त्या जबाबाच्या वेळी आरोपीसाठी वकील बसवणं कायद्यानं शक्य होतं आणि ते केलं नाही. एका मताचा फरक आहे, म्हणजे उलट बाजूही कच्ची नव्हती.

तपास करणाऱ्यांनी यातून घ्यायचं ते साधं आहे: साक्षीदार निसटणार असं दिसत असेल, तर त्याचा जबाब वकिलाच्या समोर घ्या.

९. साक्षीदाराला आरोपीनंच धमकावलं असेल तर? त्यानं तरीही हक्क सांगायचा?

नाही. ज्यानं साक्षीदाराचं तोंड बंद केलं, त्यानंच "मला प्रश्न विचारता आला नाही" म्हणायचं, हे कुठलंच न्यायालय ऐकून घेत नाही. अल-ख्वाजा निकालात हे स्पष्ट आहे. अमेरिकेत २००८ च्या जाइल्स निकालानं एक अट घातली. आरोपीच्या कृत्यामुळे साक्षीदार गेला एवढं पुरत नाही, त्याला साक्षीपासून रोखण्याचाच हेतू होता हे दाखवावं लागतं. त्या खटल्यात आरोपीनं पूर्वीच्या मैत्रिणीचा खून केला होता, पण तो तिनं साक्ष देऊ नये म्हणून केला का, हा प्रश्न उरलाच.

भीती आरोपीमुळे नसून सर्वसाधारण असेल (त्या वस्तीत साक्ष देणाऱ्याला बरं पाहत नाहीत, वगैरे), तर हक्क शाबूत राहतो. मग कोर्टाला भीती खरी आहे का ते तपासावं लागतं आणि पडदा, व्हिडिओ असे उपाय आधी करून पाहावे लागतात. जबाब वाचणं हा शेवटचा उपाय.

भारतात साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये महेंद्र चावला निकालात कायद्याचं बळ दिलं. नव्या संहितेच्या कलम ३९८ नं प्रत्येक राज्यावर अशी योजना करण्याची जबाबदारी टाकली आहे.

१०. अमेरिकेतला नियम इतका कडक का?

२००४ पर्यंत तो सैल होता. न्यायाधीशाला जबाब "विश्वासार्ह" वाटला की पुरे. क्रॉफर्ड विरुद्ध वॉशिंग्टन खटल्यात ते बदललं. भोसकल्याचा आरोप होता. आरोपीची पत्नी वैवाहिक गोपनीयतेमुळे साक्षीला उभी राहू शकत नव्हती, म्हणून पोलिसांनी तिची केलेली ध्वनिमुद्रित चौकशी ऐकवली. न्यायमूर्ती स्कॅलिया यांच्या निकालाचा रोख असा: पुरावा उघडच विश्वासार्ह आहे म्हणून उलटतपासणी टाळणं, म्हणजे आरोपी उघडच दोषी आहे म्हणून ज्युरी टाळण्यासारखं.

तेव्हापासून प्रश्न बदलला. विधान "साक्षवजा" आहे का, म्हणजे पुढे खटल्यात वापरलं जाईल अशा रोखानं घेतलंय का? असेल, तर सांगणारा माणूस हजर हवा, किंवा तो खरोखर येऊ शकत नसेल तर त्याची आधी उलटतपासणी झालेली हवी. मदतीसाठी केलेला आपत्कालीन फोन साक्षवजा नाही, असं २००६ च्या डेव्हिस निकालात ठरलं, कारण फोन करणारी व्यक्ती संकटातून सुटायला धडपडत असते, पुरावा तयार करत नसते. रेषा सरळ दिसते, पण फोन चालू असतानाच हल्लेखोर पळून गेला तर पुढच्या वाक्यांचं काय? अमेरिकी न्यायालयं तेव्हापासून अशीच वाक्यं मोजत बसली आहेत.

११. भारतात पोलिसांपुढचा जबाब वाचून शिक्षा होऊ शकते का?

इथे भारतीय कायदा युरोपातल्या बऱ्याच देशांपेक्षा कडक आहे. तपासात पोलिसांनी घेतलेला जबाब पुरावा म्हणून वापरता येत नाही. साक्षीदार कोर्टात वेगळं बोलला तर विसंगती दाखवण्यापुरता तो बाहेर काढता येतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १८१; पूर्वीचं १६२). न्यायदंडाधिकाऱ्यापुढच्या जबाबाचं वजन जास्त असलं, तरी सर्वसाधारणपणे तोही साक्षीची जागा घेत नाही.

अपवाद मोजके आहेत. एक मृत्युपूर्व जबाब (प्रश्न १२). दुसरा, आधीच्या न्यायालयीन कामकाजात दिलेली साक्ष: साक्षीदार वारला, सापडत नाही, अक्षम झाला, विरुद्ध पक्षानं त्याला लपवलं किंवा त्याला आणण्यात अवाजवी वेळ-खर्च जाईल, तर ती वापरता येते. मात्र पक्षकार तेच हवेत, मुद्दा सारखा हवा आणि तेव्हा उलटतपासणीची संधी मिळालेली हवी. हे १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ३३, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २७.

तिसरा अपवाद फरार आरोपीचा. तो सापडत नसताना साक्षी नोंदवून ठेवता येतात आणि तो सापडेपर्यंत साक्षीदार वारला तर त्या उलटतपासणीविना वापरता येतात (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३५, पूर्वीचं २९९). आरोपी फरार होता आणि त्याला लवकर पकडण्याची शक्यता नव्हती, या दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ च्या जयेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य निकालात बजावलं. कागदावर "फरार" शिक्का मारून भागत नाही.

१२. मृत्युपूर्व जबाब एकट्यानं पुरतो? मेलेल्याची उलटतपासणी कशी घेणार?

घेता येत नाही, आणि तरीही पुरतो. मरणाच्या दारातला माणूस खोटं बोलत नाही, ही जुनी समजूत त्यामागे आहे. मला ती फारशी पटत नाही, मरतानाही माणूस चुकू शकतो आणि सूडही धरू शकतो. खरं कारण निकडीचं असावं: खून झालेल्याचाच शब्द बाद केला तर खुन्याचा फायदा होईल.

१९५८ च्या खुशाल राव निकालापासून भारतात नियम असा: जबाब पूर्ण विश्वासार्ह वाटला तर दुजोऱ्याशिवाय शिक्षा देता येते. तो पढवलेला नाही ना, सांगणारा शुद्धीवर होता ना, हे पाहायचं. डॉक्टरचा दाखला नसला तरी जबाब बाद होत नाही, हे २००२ च्या लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य निकालात पाच न्यायाधीशांनी ठरवलं. इंग्लंडच्या जुन्या नियमात मरण समोर दिसत असल्याची खात्री लागायची. भारतात ती अट नाही. त्यामुळे मृत्यूच्या कारणाशी किंवा त्या ओघातल्या परिस्थितीशी निगडित जुनी पत्रंही यात बसू शकतात. शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात (१९८४) मृत विवाहितेच्या पत्रांवरूनच हा खल झाला.

१३. व्हिडिओवरून दिलेली साक्ष म्हणजे हजेरी की गैरहजेरी?

हजेरी. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई (२००३) प्रकरणात साक्षीदार अमेरिकेतला डॉक्टर होता. आरोपीच्या "समोर" याचा अर्थ एकाच खोलीत असा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये डेव्हिड हेडलीनं मुंबईच्या विशेष न्यायालयात साक्ष दिली ती अमेरिकेतून, पडद्यावर, आणि नंतर त्याची उलटतपासणीही झाली.

व्यवहारात भांडण होतं ते बारीकसारीक गोष्टींवरून: खोलीत साक्षीदाराच्या बाजूला कोण बसलंय, त्याच्यापुढे कागद आहे का, दस्तऐवज दाखवायचा कसा.

१४. साक्षीदार येतो, पण त्याचं नाव सांगत नाहीत. हे चालतं?

अर्धा गैरहजरच तो. कोण बोलतोय हेच माहीत नसेल तर त्याचं वैर, त्याचा स्वार्थ शोधायचा कसा? स्ट्रासबर्गनं डोर्सन (१९९६) प्रकरणात ते चालवून घेतलं, कारण तपास न्यायाधीशाला साक्षीदार कोण ते माहीत होतं आणि बचावाच्या वकिलानं त्यांना प्रश्न विचारले होते. व्हान मेखेलेन (१९९७) मध्ये निनावी पोलीस वेगळ्या खोलीत बसून फक्त आवाजानं बोलत होते, ते चाललं नाही. ब्रिटनमध्ये जून २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) डेव्हिस खटल्यात निनावी साक्षीवरची शिक्षा रद्द केली, तेव्हा संसदेनं महिन्याभराच्या आसपास नवा कायदाच करून टाकला.

१५. लहान मुलांनाही आरोपीसमोर उभं करायचं का?

नाही. बचावाला प्रश्न पोचवता आले पाहिजेत, मूल आरोपीला दिसलंच पाहिजे असं नाही. भारतात पॉक्सो कायद्याचं कलम ३६ मुलाची आरोपीशी नजरानजर टाळायला सांगतं, पण आरोपीला साक्ष ऐकू आली पाहिजे, असंही म्हणतं. प्रश्न वकिलानं थेट न विचारता न्यायाधीशामार्फत विचारायचे असतात. अमेरिकेत १९९० च्या क्रेग निकालानं बंद सर्किट टीव्हीला मान्यता दिली, तीही पाच विरुद्ध चार मतांनी.

१६. साक्षीदार आला, पण "काही आठवत नाही" म्हणतो. किंवा फितूर होतो. मग?

शरीरानं हजर, साक्षीनं गैरहजर. अमेरिकेत १९८८ च्या ओवेन्स खटल्यात तुरुंगातल्या कर्मचाऱ्याला लोखंडी नळीनं मारलं होतं. रुग्णालयात त्यानं हल्लेखोर ओळखला, पण खटल्यापर्यंत हल्लेखोर पाहिल्याची आठवण मेंदूच्या दुखापतीनं पुसली गेली. ओळखल्याचं तेवढं आठवत होतं. न्यायालय म्हणालं, तो पिंजऱ्यात आहे, प्रश्न विचारता येतात, हक्क पुरा झाला. मला हे जरा ओढूनताणून वाटतं.

फितूर साक्षीदाराची साक्ष भारतात सबंध पुसली जात नाही, तिच्यातला विश्वास ठेवण्याजोगा भाग वापरता येतो. पण साक्षीदार एकापाठोपाठ एक फिरले की उरतं काय? गुजरातच्या २००२ च्या दंगलीतल्या बेस्ट बेकरी खटल्यात २००३ मध्ये सगळे आरोपी सुटले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेरखटला महाराष्ट्रात चालवायला सांगितला. न्याय्य खटल्याचा हक्क आरोपीपुरता नसून पीडितांचा आणि समाजाचाही असतो, हे त्या निकालात ठसठशीतपणे आलं आहे.

१७. प्रयोगशाळेच्या अहवालासाठीही माणूस बोलवायचा?

अमेरिकेत हो. मेलेंडेझ-डियाझ (२००९) निकालानं कोकेनच्या तपासणीचं नुसतं प्रमाणपत्र नाकारलं. भारतात ठरावीक सरकारी तज्ज्ञांचे अहवाल थेट वापरता येतात (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३२९, पूर्वीचं २९३), पण कोर्ट तज्ज्ञाला बोलावू शकतं. बचावानं तसा अर्ज वेळेत करावा. तो राहून जातो आणि मग अपिलात हळहळ होते.

१८. आरोपीच गैरहजर असेल तर?

तो वेगळा विषय आहे, पण लोक गल्लत करतात म्हणून थोडक्यात. भारतात १ जुलै २०२४ पासून, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ खाली, घोषित फरार गुन्हेगाराचा खटला त्याच्या गैरहजेरीत चालवता येतो. दोषारोप ठेवल्यापासून ९० दिवस थांबावं लागतं आणि त्याला वकील नसेल तर सरकारी खर्चानं द्यावा लागतो. आधीच्या कायद्यात फक्त साक्षी नोंदवून ठेवता येत होत्या (प्रश्न ११).

१९. माझ्याच बाजूचा साक्षीदार येत नाही. कोर्ट त्याला आणेल का?

आणू शकतं, पण मागणी नेमकी हवी. तो काय सांगणार आणि त्यानं खटल्यात काय फरक पडतो, हे अर्जात लिहा. "तो महत्त्वाचा आहे" एवढ्यावर अर्ज फेटाळला जातो. स्ट्रासबर्गनं मुर्ताझालियेवा विरुद्ध रशिया (२०१८) मध्ये हेच तीन टप्प्यांत मांडलं: विनंती पुरेशा कारणांसह केली होती का, कोर्टानं तिचा विचार करून नकाराची कारणं दिली का, आणि नकारामुळे अख्खा खटला अन्याय्य झाला का. भारतात साक्षीदाराला नव्यानं किंवा पुन्हा बोलावण्याचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४८ (पूर्वीचं ३११) खाली कोर्टाला कोणत्याही टप्प्यावर आहे.

२०. खटला चालू असताना हे नियम बदलले तर?

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात नेमकं हेच झालं. केनियातल्या २००७-०८ च्या निवडणुकोत्तर हिंसाचाराबद्दल विल्यम रूटो आणि जोशुआ सांग यांच्यावर खटला होता. साक्षीदार एकेक करून मागे हटले. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये नियम ६८ बदलला गेला आणि ठरावीक परिस्थितीत न आलेल्या किंवा फिरलेल्या साक्षीदाराचे आधीचे जबाब घेता येऊ लागले. खटल्याच्या पीठानं ते घेतलेही. पण खटला सप्टेंबर २०१३ मध्येच सुरू झाला होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये अपील पीठानं सांगितलं की नवा नियम चालू खटल्यात आरोपीच्या नुकसानीला वापरता येणार नाही. जबाब बाद झाले आणि ५ एप्रिल २०१६ ला खटलाच बंद झाला. साक्षीदारांवर दबाव आल्याची नोंद झाली, म्हणून निर्दोष मुक्तता दिली नाही आणि पुन्हा खटला भरण्याचा मार्ग मोकळा ठेवला. रूटो २०२२ मध्ये केनियाचे राष्ट्राध्यक्ष झाले.